व्हाळापलीकडचं स्टेशन : प्रकल्पाच्या नोंदी

5 नोव्हेंबर 2024

भाऊबीज आटोपली, चाकरमानी परतले, गाव पुन्हा रिकामं झालं. आज संध्याकाळी साकवावरून व्हाळ ओलांडला आणि स्टेशनवर गेले. फलाटावर गुडघाभर गवत माजलंय. पागोळीची चार कौलं खाली पडून फुटलीत. तिकीटखिडकीच्या आतल्या कोपऱ्यात कुंभारणीने मातीचं घर बांधलंय. मी उभी असतानाच मडगावच्या बाजूची गाडी आली आणि भरवेगात निघून गेली. फलाट थरथरला, धूळ उडाली, परत सगळं शांत.

मार्च 2020 मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्यानंतर आमच्या फलाटावर एकही गाडी थांबलेली नाही. त्याआधीही तिकिटं कमीच खपत होती, हे लिहायला हवं. इमारत आणखी किती पावसाळे काढेल कोण जाणे. म्हणून वाचनालयाच्या बैठकीत ठरलं, की या स्टेशनची नोंद करायची: मोजमापं, फोटो, कागद आणि माणसांच्या आठवणी. काम माझ्याकडे आलं, कारण वाचनालयाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मला ते मनापासून हवंही होतं.

गावाचं नाव कुठेही लिहायचं नाही. दोन्ही वाड्यांतली माणसं याच अटीवर बोलायला तयार झाली. राजापूरच्या पट्ट्यातलं एक गाव, एवढं पुरे.

9 नोव्हेंबर

परवानगीचं पत्र हातात आलं. फलाटाच्या कडेपासून दोन मीटर आत राहायचं, रुळावर उतरायचं नाही, आणि मुलं बरोबर असतील तर मोठं माणूस हवंच. नववीतली दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि गवंडीदादा माझ्यासोबत आहेत.

इमारत म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, आतून गिलावा, बाहेर चिरा तसाच उघडा. छप्पर मंगलोरी कौलांचं. खोली आतून 3.10 बाय 3.95 मीटर. सिमेंटची दोन बाकं, एकाची पाठ फुटलेली. पिवळ्या फलकावरची काळी अक्षरं अजून वाचता येतात. तळाला समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे, पण नेमका आकड्यांवरचाच रंग उडालाय.

तिकीटखिडकीजवळ बराच वेळ बसले. खिडकीचं लाकूड सागाचं आहे. खालच्या कडेला हात आत जाण्यापुरती अर्धगोल कापणी आहे, आणि त्या अर्धगोलाच्या उजव्या बाजूला लाकूड इतकं झिजलंय की बोट आपोआप त्या खळग्यात जातं. डाव्या बाजूला तशी झीज नाही. पैसे देणारा उजवा हात, तिकीट घेणारा उजवा हात. तेवीस वर्षांत सगळ्या गावाचे हात तिथून गेले. मुलीने त्या खळग्याची खोली पट्टीने मोजली: 6 मिलीमीटर. फोटो काढलाय, पण फोटोत ते दिसत नाही. पेन्सिलने ठसा घेतला तेव्हा नीट उमटलं.

17 नोव्हेंबर

आज खालच्या वाडीतल्या आजींकडे गेले. वय नव्वदीच्या पुढे, कान बरे, आठवण लख्ख. त्यांच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोट. जैतापूरला होडीतून उतारू बोटीपर्यंत न्यायचे, हलत्या होडीतून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा, तिथून भाऊचा धक्का. पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे मे अखेरीला जो गावात राहिला तो नारळी पौर्णिमेनंतरच निघायचा.

17 जुलै 1947 ला ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ती बोट आमच्या बाजूची नव्हती. पण आजींची आई म्हणाली, आता घरातलं कोणी समुद्राने जाणार नाही. पुढे एसटी आली. रात्रभर घाट आणि वळणं, उलट्या, पहाटे परळ. आजी म्हणाल्या, “रेल्वे येनार, येनार आयकत मी नातवंडांची आजी झाले.”

हे ऐकणं किती जुनं, ते वाचनालयातल्या कागदांत सापडतं. आमचा लोकसभा मतदारसंघ तेव्हा राजापूर होता. 1957 पासून बॅरिस्टर नाथ पै खासदार होते, 1971 मध्ये त्यांचं निधन झाल्यावर 1991 पर्यंत मधु दंडवते. दोघांनीही कोकणाला रेल्वे हवी म्हणून संसदेत घसा कोरडा केला. आणि त्या सगळ्याच्या मागे अ. ब. वालावलकर, ज्यांनी आयुष्याची वर्षं या मार्गाच्या पाहणीत आणि पाठपुराव्यात घातली. आजींना वालावलकरांचं नाव माहीत होतं. कोणत्याही फलकावर ते न वाचता माहीत होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

24 नोव्हेंबर

हॉल्ट एजंट काकांची मुलाखत, दोन तास. आमचं स्टेशन म्हणजे हॉल्ट, इथे स्टेशनमास्तर कधीच नव्हता. कमिशनवर तिकिटं विकणारा एजंट असायचा. काका मोठ्या स्टेशनवर जाऊन आगाऊ पैसे भरायचे, पुठ्ठ्याच्या तिकिटांचे गठ्ठे आणायचे आणि इथे विकायचे. विकलं गेलं नाही तर पैसे अडकून राहायचे.

त्यांनी एक तिकीट जपून ठेवलंय. सव्वादोन इंच लांब, सव्वा इंचाला थोडं कमी रुंद, जाड पुठ्ठ्याचं. इंग्लंडात एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेला हा आकार, आणि तोच आमच्या गावापर्यंत आला. तिकिटावर अनुक्रमांक असतो. सकाळी खिडकी उघडताना वरच्या तिकिटाचा नंबर वहीत लिहायचा, संध्याकाळी बंद करताना परत लिहायचा. वजाबाकी म्हणजे दिवसाची विक्री. मुलाचं अर्धं तिकीट द्यायचं तर तेच तिकीट कोपऱ्यात कात्रीने तिरकं कापायचं आणि तो तुकडा हिशेबासाठी डबीत ठेवायचा. “पैशापेक्षा तुकडे जपायला लागायचे,” काका म्हणाले. डबी दाखवली. खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी, आतून गंजलेली.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात खिडकीवर कोणी नसायचं, कारण सगळे उतरायला यायचे. पाचव्या दिवशी गौरी-गणपती गेले, की एका संध्याकाळी सव्वाशे तिकिटं. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. एरवी दिवसाला दहा-बारा.

उठताना मी विचारलं, स्टेशन इथे, वस्तीपासून इतक्या लांब का बांधलं? काका थोडे थांबले. “ते तुझ्या बापाला विचार,” म्हणाले.

8 डिसेंबर

दोन आठवडे टाळलं. आज बाबांना विचारलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं, त्यांच्या परवानगीने.

आमच्या गावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कोणी ती लिहीत नाही. मी लिहिते. आमची वरची वाडी मोठी, साठ घरं. देऊळ, शाळा, वाचनालय सगळं इकडे. रेल्वेचा मार्ग देवळाच्या खालून जातो. तरीही स्टेशन झालं व्हाळाच्या पलीकडे, खालच्या वाडीच्या अंगाला, जिथे तेव्हा सतरा घरं होती. आमच्या वाडीचं म्हणणं असं, की खालच्या वाडीतल्या अण्णांनी वशिला लावून स्टेशन पळवलं. अण्णा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरणी सुटली आणि ते गावी आले. लिहिता-वाचता येणारे, अर्ज करणारे, साहेबांशी बोलणारे. म्हणून सगळ्यांनी त्यांच्यावर बोट ठेवलं.

बाबांचे शब्द: “लाइन आमच्या देवळाखालून गेली, खाचरं आमची गेली, आणि गाडी थांबते कुठं? व्हाळापल्याड. पावसात व्हाळ भरला की आम्ही इकडं उभे, गाडी तिकडं. ह्याला काय म्हणायचं?”

त्यानंतर पंचवीस वर्षं दोन वाड्यांत जेवणावळ नाही. अण्णांच्या मयतीला आमच्या घरातून कोणी गेलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. मीही गेले नाही.

ही नोंद जशी बोलली तशी ठेवलीय. माझंही आजवर हेच मत होतं.

22 डिसेंबर

या आठवड्यात मार्गाच्या तारखा एका कागदावर लावल्या. कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी 19 जुलै 1990 ला झाली. त्यात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधु दंडवते, आणि महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन. 15 सप्टेंबर 1990 ला रोह्यात पायाभरणी झाली. 1993 मध्ये वीरपर्यंत, 1995 मध्ये खेडपर्यंत, आणि डिसेंबर 1996 मध्ये सावंतवाडीपर्यंत गाडी आली, म्हणजे आमच्या शेतांतून गेली. पेडण्याच्या बोगद्यातली भुसभुशीत माती शेवटपर्यंत नडली, म्हणून सबंध मार्ग 26 जानेवारी 1998 लाच सुरू झाला.

रोहा ते ठोकूर सुमारे 740 किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल, आणि बेचाळीस हजारांहून जास्त जमीनमालक. यातला शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. त्यात माझे आजोबा आहेत. अण्णाही असणार.

4 जानेवारी 2025

निवृत्त गँगमन काका रेल्वेत लागले तेव्हा तिशीचे होते. आज त्यांच्यासोबत फलाटावर फिरले. ते खाली बघतच चालतात, ती सवय सुटलेली नाही.

पावसाळी गस्तीबद्दल ते पाऊण तास बोलले आणि ते सगळं मी वेगळ्या वहीत उतरवलंय, कारण त्याचा स्वतंत्र भाग होईल. थोडं इथे. रात्री हातात दिवा, गळ्यात शिट्टी, पिशवीत फटाके. फटाके म्हणजे रुळावर बांधायचे गोल डबे. पुढे दरड आली असेल तर ते रुळाला बांधायचे, चाकाखाली फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर कटिंगचे, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेच्या कडांचे, उतार कमी केले, लोखंडी जाळ्या आल्या, गस्ती वाढल्या. जोराच्या पावसात समोरचं दिसेना की गाडी ताशी 40 च्या वर न्यायची नाही. काका म्हणाले, त्या जूननंतर पाऊस ऐकून झोप लागणं बंद झालं.

मग मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी वशिल्याचं काहीच सांगितलं नाही. मला फलाटाच्या उत्तर टोकाला नेलं आणि बोटाने दाखवलं. रुळाच्या कडेला एक बुटका खांब, त्याला दोन हात. एक हात आडवा, सरळ. दुसरा वर चढलेला, त्यावर 150.

“ह्याच्या पुढं लाइन चढते. दीडशे मीटर गेलं की एक मीटर वर. इकडं सपाट. गाडी थांबायची तिथं चढ नको. ब्रेक न लावलेला डबा असला तर सुटतो. आणि मालगाडी चढावर थांबली की परत उचलायला इंजिनाचा जीव जातो.”

वरची वाडी त्या खांबाच्या पुढे आहे. देऊळसुद्धा.

मी हा खांब लहानपणापासून बघत आलेय. आम्ही त्याला रेल्वेचा बुजगावणा म्हणायचो.

12 जानेवारी

खांबावर लिहिलंय म्हणून मान्य करायचं नाही, आपण मोजायचं, हे मुलांचंच म्हणणं. रुळावर जाता येत नाही, पण फलाट रुळाला समांतर बांधलेला आहे. गवंडीदादांनी पाण्याची नळी आणली. घर बांधताना पाया समपातळीत घेतात तीच पारदर्शक नळी, 12 मीटरची. आत पाणी भरलं, बुडबुडे काढायला पंधरा मिनिटं लागली. एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, दादा त्याबाबतीत कडक आहेत. मुलगा एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला, दोघांच्या हातात खुणा केलेल्या पट्ट्या. पाणी स्थिर झालं की दोन्हीकडचं माप बोलायचं. 10 मीटर पुढे सरकायचं. पुन्हा तेच. सहा वेळा.

60 मीटरमध्ये साडेपाच सेंटीमीटरचा फरक आला. म्हणजे साधारण अकराशेला एक. तिथे दीडशेला एक असा चढ असता तर फरक 40 सेंटीमीटर आला असता. मुलीने हा हिशेब फलाटावरच खडूने केला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

रात्री नियम वाचला. स्टेशनच्या यार्डात, म्हणजे जादा लाइन टाकून गाड्या उभ्या करतात तिथे, चढ चारशेला एकापेक्षा जास्त चालत नाही, आणि शक्यतो बाराशेला एकच ठेवतात. कोकण रेल्वेच्या मार्गावर जास्तीत जास्त चढ दीडशेला एक आणि वळणाची त्रिज्या किमान 1250 मीटर. गाडी वेगाने न्यायची म्हणून हे बंधन. डोंगर आणि खाड्यांच्या या मुलखात ही दोन बंधनं पाळली, की सपाट आणि सरळ तुकडा हाताला फार कमी लागतो.

पण एक गाठ सुटत नाही. आमचं तर साधं हॉल्ट होतं. एक फलाट, एक खोली. त्याला यार्डाचा नियम का लागावा?

27 जानेवारी

काल ग्रामसभा झाली. प्रकल्पाचा विषय पाच मिनिटांत संपला. “जुनं काय उकरून काढायचंय?” असं एकाने विचारलं. कुणी विचारलं ते लिहीत नाही. आमच्याच वाडीचा.

11 फेब्रुवारी

तलाठी कार्यालयात तिसरी खेप. आज फेरफार मिळाले. गाव नमुना 6, भूसंपादनाची नोंद. 1894 च्या भूसंपादन कायद्याखालची कलम 4 ची सूचना, म्हणजे जमीन घ्यायचीय असं पहिल्यांदा जाहीर करणारी, 1991 ची. मग कलम 6 ची घोषणा, मग कलम 11 चा निवाडा, आणि मग प्रत्येक गटातून गेलेलं क्षेत्र.

कार्यालयाच्या बाहेर पायरीवर बसून मी गट नंबर नकाशावर मांडत गेले. मार्गाची पट्टी गावभर अरुंद आहे. भराव जिथे उंच तिथे थोडी रुंद, कारण भरावाचा पाय पसरतो. आणि व्हाळापलीकडे, जिथे भराव नाही, कटिंग नाही, निव्वळ सपाट मळा होता, तिथे पट्टी एकदम दुप्पट-अडीचपट रुंद होते. जवळजवळ पाऊण किलोमीटर तशीच रुंद राहते, मग परत अरुंद होते.

तिथे आधीपासून क्रॉसिंगची जागा धरलेली होती. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडणार कुठे, तर अशा जागी. मुख्य लाइनच्या बाजूला सुमारे 700 मीटरची दुसरी लाइन टाकायची आणि एक गाडी तिथे उभी करायची. पुढे गाड्या वाढल्यावर खारेपाटण, वेरवली, कडवई अशी नवी क्रॉसिंग स्टेशनं कोकण रेल्वेवर झाली. आमच्याकडे जमीन घेतली, सपाट केली, पण दुसरी लाइन पडली नाही, आणि त्या तयार जागेवर नंतर हॉल्ट आलं. फलाटामागे जे मोकळं मैदान आहे, जिथे पोरं क्रिकेट खेळतात, ती त्या न झालेल्या लाइनची जागा. देवळाखाली 700 मीटर धरले असते, तर दीडशेला एक या चढाने दोन टोकांत साडेचार मीटरहून जास्त फरक पडला असता.

आणि तारीख. सूचना 1991 ची. अण्णांच्या ज्या अर्जावर आमची सगळी वाडी खापर फोडते तो 1994 चा. बाबाही 1994 च सांगतात, रेकॉर्डिंगमध्ये आहे. अर्ज करायच्या तीन वर्षं आधी जागा ठरली होती. स्टेशन कोणीही पळवलं नव्हतं.

यातला एक गट अण्णांचा आहे. त्यांचा मळा. 31 गुंठे.

23 फेब्रुवारी

काकींकडे जायला धीर गोळा करावा लागला. अण्णांच्या पत्नी, आता एकट्या. त्यांच्या उंबऱ्यावर मी जन्मात पहिल्यांदा पाय ठेवला. त्यांनी गूळ-पाणी दिलं, कुणाची कोण ते विचारलं नाही. माहीत होतं.

मी फेरफार दाखवला, नळीचं माप सांगितलं, खांबाचं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ह्यांना ठाव हुतं. सायबाने सांगितलं हुतं तेव्हाच. ह्यांनी देवळात येऊन सांगितलं पण हुतं. कुनी आयकलं नाय.”

आत जाऊन पत्र्याची पेटी आणली. गिरणीचं ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, आणि अर्जाची कार्बन प्रत. निळी, घडीवर फाटत आलेली, अक्षर बारीक आणि सरळ रेषेत. मी तिथेच बसून सगळी उतरवून घेतली. फोटोही काढला. मागण्या पाच. जागा ठरली आहे तिथे हॉल्ट द्यावं. पॅसेंजर गाडी थांबावी. उतारूंसाठी पिण्याचं पाणी. पडवीला दिवा. पाचवी मागणी जशीच्या तशी: “वरच्या वाडीतील ग्रामस्थांना पावसाळ्यात स्टेशनवर येणे अशक्य होते, सबब व्हाळावर पायी जाण्यापुरता साकव मिळावा.”

खाली 41 सह्या आणि अंगठे. सगळे खालच्या वाडीचे. वरच्या वाडीसाठी कागदाची उजवी बाजू मोकळी सोडलेली, वर शीर्षक घातलेलं, रेघा मारलेल्या. त्यातली एकही रेघ भरलेली नाही.

साकव पुढे झाला, बऱ्याच वर्षांनी. मी रोज त्यावरून जाते.

काकींनी मला दुसरं काही मागितलं नाही. प्रत परत घडी करताना जुन्या घडीवर न मोडता बाजूने मोडायला सांगितलं, एवढंच.

9 मार्च

चार दिवसांवर शिमगा. पालखी सजवायला घेतलीय, बाबा देवळातच असतात. आज दुपारी घरी आले तेव्हा त्यांच्यासमोर सगळे कागद ठेवले. अर्जाचा फोटो मोठा छापून आणला होता.

त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ ते शेवटची ओळ वाचलं. मोकळ्या रेघांवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मी काही बोलले नाही. मग त्यांनी एकच सांगितलं. अण्णा हा कागद घेऊन आमच्या पडवीत आले होते. आज्जीने चहा ठेवला होता. बाबांनी सही केली नाही आणि चहा होईपर्यंत अण्णा थांबले नाहीत.

हे रेकॉर्ड केलेलं नाही. मोबाइल बाजूला ठेवला होता.

16 मार्च

शिमग्याच्या गडबडीत काम मागे पडलं. फलाटावरचं गवत दोन्ही वाड्यांच्या पोरांनी मिळून कापलं, कारण त्यांना क्रिकेटचे सामने घ्यायचेत. मला आयता फलाट मोकळा मिळाला आणि उरलेली मापं पूर्ण झाली: लांबी 182 मीटर, उंची रुळाच्या पातळीला जवळजवळ सारखी. म्हणून गाडीत चढताना आधी वरून कुणीतरी हात द्यायचा, मग खालून कुणीतरी ढकलायचं. तसं चढलेलं मलाही आठवतं.

गवंडीदादांनी पडलेल्या चार कौलांच्या जागी जुनी कौलं बसवून दिली. या पावसात खिडकीवर तरी पाणी येणार नाही.

6 एप्रिल

वाचनालयाच्या कपाटात आज जमा केलं: मोजमापांचे आराखडे 7, फोटो 212, मुलाखती 9, खिडकीचा पेन्सिल-ठसा, फेरफारांच्या नकला, अर्जाच्या कार्बन प्रतीचा फोटो. तिकीट आणि पत्र्याची डबी एजंट काकांनी ठेवायला दिली आहे, मालकी त्यांचीच. गस्तीची वही स्वतंत्र.

सगळ्याची एक प्रत खालच्या वाडीत काकींच्या घरी ठेवायची असं ठरलं. हे बाबांनी सुचवलं.

8 डिसेंबरची त्यांची मुलाखत मी बदललेली नाही. तसं त्यांना सांगितलं, वाचूनही दाखवली. ती तशीच राहू दे म्हणाले. मग पेन मागितलं आणि छापील कागदाच्या तळाला स्वतःच्या हाताने लिहिलं: “साकवाच्या अर्जावर मी सही केली नाही.” खाली सही केली, आजची तारीख घातली.